हवेची किंमत

पुणे-मिरज मार्गावर आदर्कीचा घाट चढणारं अल्को बनावटीचं डिझेल इंजिन ज्यांनी पाहिलंय, त्यांना तो काळा धूर विसरता येणार नाही. ड्रायव्हर थ्रॉटलची एकेक पायरी, म्हणजे नॉच, वाढवायचा आणि दर नॉचला धुराड्यातून काजळीचा लोट उसळायचा. काही क्षण गाडी रेंगाळल्यासारखी वाटायची. मग इंजिनाच्या धडधडीत एक बारीक शीळ मिसळायची, ती चढत जायची, धूर विरळ होऊन करडा व्हायचा आणि गाडी खरी ओढ घ्यायची. तोवर खिडकीशी बसलेल्यांच्या शर्टावर काजळीचे ठिपके पडलेले असायचे. इंजिन म्हातारं झालंय, असं डब्यातलं कुणीतरी हमखास म्हणायचं.

म्हातारपणाचा त्या धुराशी फारसा संबंध नव्हता. कारखान्यातून नुकतंच बाहेर पडलेलं अल्कोही नॉच वाढवताना असाच धूर ओकायचं. डिझेल आधी पोचलं आणि हवा मागून आली, एवढाच त्या धुराचा अर्थ. हवा पुरवणारा टर्बो इंजिनाच्या धुरावर फिरायचा. धुराचा जोर वाढल्याशिवाय तो वेग घेत नसे, आणि त्यानं वेग घेतल्याशिवाय धूर स्वच्छ होत नसे. त्याच काळात आपल्याच देशात दुसऱ्या एका कंपनीची डिझेल इंजिनं धावत होती. त्यांचा टर्बो सुरुवातीला क्रँकशाफ्टवरून गिअरनं फिरवला जाई आणि त्यांना हा खोळंबा फारसा जाणवत नसे.

जुन्या इंजिनाला सुपरचार्जर बसवावा की टर्बो, हा प्रश्न हौशी माणूस बहुतेक वेळा ‘ताकद किती वाढेल’ याच अंगानं विचारतो. मला ही सुरुवातच चुकीची वाटते. ताकद दोन्हीतून मिळते, आणि जुन्या इंजिनाला पेलेल त्याहून जास्तच मिळू शकते. विचारायचं ते हे, की हे इंजिन दिवसातले तास कुठल्या वेगावर आणि किती ओझ्याखाली घालवतं, आणि दाबून भरलेल्या हवेची किंमत ते कुठून मोजणार आहे. या प्रश्नाची सगळ्यात मोठी, सगळ्यात महागडी आणि सगळ्यात प्रामाणिक परीक्षा झाली ती रेल्वेच्या रुळांवर. म्हणून मोटारीकडे येण्याआधी तिकडे जाऊ.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पिस्टन खाली येताना सिलिंडरमध्ये आपसूक जेवढी हवा शिरेल, त्या मापानंच डिझेल घालता येतं. जास्त घातलं तर काजळी. तेव्हा तेवढ्याच सिलिंडरांतून जास्त काम हवं असेल, तर हवा दाबून भरावी लागते. दाबायला ताकद लागते आणि तीही इंजिनातूनच काढावी लागते.

सुपरचार्जर ती ताकद क्रँकशाफ्टवरून घेतो, पट्ट्यानं किंवा गिअरनं. इंजिन फिरलं की तोही फिरला, त्यात वाट बघणं नाही. पण हवा हवी असो वा नसो, तो आपला वाटा काढून घेतच राहतो. टर्बोचं एक चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूच्या वाटेत बसतं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक ताजी हवा दाबतं. एरवी धुराड्यातून आकाशात गेली असती ती ऊर्जा कामाला लागते. तेही अगदी फुकट नसतं, कारण धुराची वाट अडते आणि पिस्टनला तो बाहेर ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. तरी भरपूर ओझ्याखाली हा सौदा फायद्याचा ठरतो. ओझं नसेल तर धुरात जोर नाही, आणि धुरात जोर नसेल तर टर्बो म्हणजे वाटेत अडकवलेलं एक जड चाक.

यातली पहिली वाट जुनी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस या रूट्स बंधूंची लोकरीची गिरणी होती. त्यांनी 1860 मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. एका पेटीत एकमेकांत गुंतून उलटसुलट फिरणारे दोन पाकळ्यांचे लाट. हे यंत्र आधी ओतशाळांच्या भट्ट्यांना हवा मारू लागलं आणि पुढच्या शतकात इंजिनांवर चढलं. आजही ‘रूट्स ब्लोअर’ हेच त्याचं नाव. दुसरी वाट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्यानं 1905 मध्ये पेटंट घेतलं, पण तापलेल्या धुरात टिकेल असं टर्बाइन घडायला आणखी दोन दशकं गेली. 1920 च्या दशकात ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांची ताकद ब्यूखीच्या टर्बोनं 1,750 वरून 2,500 अश्वशक्तीवर नेली. जहाजाचं इंजिन बंदर सोडलं की तासन् तास एकाच वेगानं, एकाच ओझ्याखाली चालतं. टर्बोला याहून सोयीची नोकरी दुसरी नाही.

रेल्वेचं इंजिन मात्र असं सरळ जगत नाही.

* * *

जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनीनं, म्हणजे पुढच्या इएमडीनं, 1938 मध्ये 567 नावाचं डिझेल इंजिन आणलं. एकेका सिलिंडरचं आकारमान 567 घन इंच, सव्वानऊ लिटरच्या आसपास. मोठ्या लोकोमध्ये असे सोळा सिलिंडर. हे टू-स्ट्रोक इंजिन. फोर-स्ट्रोकमध्ये हवा ओढून घेण्यासाठी पिस्टनची एक अख्खी फेरी राखलेली असते, टू-स्ट्रोकमध्ये ती नसते. जळलेला वायू बाहेर ढकलायचा आणि ताजी हवा आत भरायची, दोन्ही कामं एका झटक्यात व्हायला हवीत. त्यासाठी बाहेरून फुंकलेली हवा पहिल्या फेरीपासूनच लागते. म्हणून 567 च्या माथ्यावर गिअरनं फिरणारे रूट्स ब्लोअर जन्मापासूनच होते. या इंजिनानं अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांची सद्दी संपवली. 1954 साली आलेल्या जीपी-9 या लोकोत ते 1,750 अश्वशक्ती देत होतं.

मालगाड्या लांबत गेल्या तशी रेल्वे कंपन्यांना एका लोकोत जास्त ताकद हवीशी झाली. युनियन पॅसिफिक ही त्यांतली सगळ्यात अधीर. तिचा मुख्य मार्ग वायोमिंगमध्ये शेरमन हिलवर समुद्रसपाटीपासून 8,000 फुटांवर चढतो. त्या उंचीवर हवेचा दाब जवळपास चतुर्थांशानं उतरलेला असतो आणि ठरावीक आकाराचा ब्लोअर दर फेरीला ठरावीक घनफळच उचलतो. हवा विरळ झाली की त्याच्या ओंजळीत वजन कमी येतं. टर्बोला पातळ हवेत काही प्रमाणात सावरून घेता येतं, कारण त्याचा वेग क्रँकशी बांधलेला नसतो. युनियन पॅसिफिकनं 1950 च्या दशकात ओमाहाच्या वर्कशॉपात आपल्या जीपी-9 लोकोंवर बाहेरच्या कंपन्यांचे टर्बो बसवून पाहिले. जुन्या इंजिनावर टर्बो चढवण्याची हौस म्हणतात ती हीच, फक्त एका लोकोचं वजन शंभर टनांवर. इएमडीनं सुरुवातीला कां-कूं केलं, पण गिऱ्हाईकच आपल्या शेडमध्ये इंजिन बदलतंय म्हटल्यावर किती दिवस थांबणार? 1958 मध्ये तिनं स्वतःचा टर्बो लावलेली एसडी-24 ही लोको काढली. सिलिंडर तेच सोळा, ताकद 2,400.

या टर्बोची घडण जवळून बघण्यासारखी आहे. टू-स्ट्रोकला पहिल्या फेरीपासून हवा हवी आणि टर्बोला हवा द्यायला आधी धूर हवा, ही अडचण नुसत्या टर्बोनं सुटणारी नव्हती. इएमडीनं टर्बोचा दांडा गिअरच्या माळेनं क्रँकशी जोडला आणि मध्ये एकाच दिशेनं पकडणारा क्लच घातला. इंजिन सुरू होताना आणि खालच्या नॉचवर चालताना क्रँक टर्बोला सुमारे 18 पट वेगानं फिरवतो. तेव्हा तो टर्बो म्हणजे चक्क सुपरचार्जर असतो. आठ नॉचपैकी साधारण सहाव्याच्या आसपास धुरात इतका जोर येतो, की टर्बाइन गिअरच्या पुढे पळू लागतं. क्लच सुटतो आणि तिथून पुढे हवा धुराच्या जोरावर. एकाच पेटीत दोन्ही वाटा, आणि कुठली कधी घ्यायची ते ओझं ठरवतं. मला हा विसाव्या शतकातल्या यंत्ररचनेच्या फार देखण्या तोडग्यांपैकी एक वाटतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं ते पुढेच आहे. 1965 मध्ये 567 ची जागा 645 नं घेतली. त्याच सुमाराला इएमडीनं एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्या विकायला काढल्या. जीपी-40 मध्ये टर्बो आणि 3,000 अश्वशक्ती. जीपी-38 मध्ये रूट्स ब्लोअर आणि 2,000 अश्वशक्ती. सोळा सिलिंडर दोन्हीकडे, आकारमान तेच, वेग तोच 900 फेऱ्यांचा. आकडे बघून कोणीही म्हणेल, जीपी-38 घेणारा खुळा असला पाहिजे. तरीही ती मोठ्या संख्येनं विकली गेली आणि घेणाऱ्यांत हिशेबाला पक्क्या कंपन्या होत्या.

त्यांचा हिशेब असा. यार्डात डबे ढकलणारी, गावोगाव थांबत जाणारी, फाट्यावरच्या गिरणीतून चार वॅगन उचलणारी लोको दिवसाचा बहुतेक वेळ खालच्या नॉचवर किंवा उभ्या जागी आयडल चालत असते. तिथे इएमडीचा टर्बो क्रँकनंच फिरवला जातो, म्हणजे धुरातून ऊर्जा परत मिळवण्याचा जो फायदा त्यासाठी पैसे मोजले तो कधी पदरात पडतच नाही. पडतो तो देखभालीचा खर्च. गिअरची माळ, क्लच, भयानक वेगानं फिरणारा दांडा, त्याच्या बेअरिंगला अखंड तेल. इंजिन बंद केल्यावरही अर्ध्या तासाहून जास्त वेळ एक वेगळा पंप टर्बोला तेल पाजत राहतो, कारण तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल तिथेच जळून कोळसा होऊ शकतं. टर्बो गेला तर बदलायचा खर्च रूट्स ब्लोअरच्या कितीतरी पट. उलट डोंगर ओलांडणाऱ्या लांब मालगाडीत लोको तासन् तास आठव्या नॉचवर असते. तिथे टर्बो दर तासाला डिझेल वाचवतो आणि तीन लोकोंचं काम दोघींत होतं.

म्हणजे इंजिन तेच असून दोन्ही निवडी बरोबर होत्या. पुढे तर अनेक रेल्वे कंपन्यांनी आणि लोको दुरुस्त करून विकणाऱ्यांनी वय झालेल्या जीपी-40 घेतल्या, त्यांचे टर्बो उतरवले, जागी रूट्स ब्लोअर बसवले आणि 2,000 अश्वशक्तीच्या लोको म्हणून त्या स्थानिक कामाला लावल्या. हजार अश्वशक्ती आपल्या हातानं काढून ठेवली. डोंगरातली नोकरी संपल्यावर तिची गरज उरली नव्हती.

* * *

आपल्याकडे साध्या आणि गिअरवाल्या टर्बोची दोन्ही घराणी 1962 मध्येच आली. अमेरिकेच्या अल्कोकडून डब्ल्यूडीएम-2 आणि जनरल मोटर्सकडून 72 डब्ल्यूडीएम-4. दोन्ही 2,600 अश्वशक्तीच्या. अल्कोचं 251 इंजिन फोर-स्ट्रोक, त्यामुळे ते स्वतःची हवा स्वतः ओढून सुरू होऊ शकत होतं. गिअरची माळ नको, क्लच नको, धुरावर फिरणारा साधा टर्बो पुरे. जनरल मोटर्सचं ते एसडी-24 च्या कुळातलं 567. मार्च 1969 मध्ये दिल्ली-हावडा राजधानी सुरू झाली ती डब्ल्यूडीएम-4 जोडून.

तरी देशभर पसरली ती अल्को. तिनं तंत्रज्ञान द्यायची तयारी दाखवली, वाराणसीला डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभं राहिलं आणि जानेवारी 1964 मध्ये तिथून पहिली डब्ल्यूडीएम-2 बाहेर पडली. खुद्द अल्कोनं 1969 मध्ये लोको बांधणं बंद केलं, पण आपण ते इंजिन पुढे कित्येक दशकं बांधत राहिलो. म्हणजे आपल्या घाटांत काळा धूर की कमी धूर, याचा निकाल टर्बोच्या गुणदोषांवर लागलाच नाही, तो कारखाना कोण देतं यावर लागला. आणि तो निर्णय योग्यच होता असं मी म्हणेन. ज्या यंत्राचा प्रत्येक भाग आपल्या हातानं घडवता येतो, त्याचे दोषही आपल्या हाताखाली असतात.

ते दोष घोरपडी किंवा कल्याणच्या शेडमधल्या फिटरांना पाठ असत. रेल्वेत टर्बोला कोणी नुसतं टर्बो म्हणत नाही, टीएससी, म्हणजे टर्बो-सुपरचार्जर, म्हणतात. टीएससीची तब्येत तपासायची एक सोपी रीत आहे. इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. सिलिंडरांची धडधड थांबते, पण टीएससीचा दांडा आपल्या गतीनं फिरत राहतो. ती शीळ उतरत उतरत किती वेळात विझते ते घड्याळावर मोजायचं. मिनिट-दीड मिनिट चालली तर बेअरिंग मोकळं आहे. लवकर गप्प झाली, किंवा शेवटी खरखर ऐकू आली, तर उघडून बघायची वेळ आली. धुराड्याच्या तोंडाशी तेलाचे ओघळ दिसले तर तोही इशारा. घाट चढून आलेलं इंजिन लगेच बंद करायचं नाही, थोडा वेळ आयडल चालवून टीएससी निवू द्यायचा, ही शिस्तही त्यातलीच. तापलेलं इंजिन झटकन बंद झालं की तेलाचा पंप थांबतो, टर्बाइन मात्र लालबुंद तापलेलं आणि फिरतं असतं.

पुढे हीच जुनी डब्ल्यूडीएम-2 नव्यानं उभी करायचं काम पतियाळ्याच्या डिझेल लोको मॉडर्नायझेशन वर्क्समध्ये आणि इतरत्र झालं. 2,600 ची 3,100 अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-3ए झाली. जुन्या इंजिनाची ताकद शास्त्रशुद्ध कशी वाढवावी, याचा हा आपल्या घरचा धडा आहे. अल्कोचा मूळ टर्बो बदलून नेपियर, एबीबी, हिस्पानो-सुइझा अशांचे जास्त कार्यक्षम टर्बो आले. पण नुसता टर्बो बदलून भागलं नाही. दाबलेली हवा तापते म्हणून आफ्टरकूलर मोठा केला. डिझेल जास्त मारायचं म्हणून पंपाचा प्लंजर 15 मिलिमीटरचा 17 झाला. सिलिंडरमधला दाब वाढला म्हणून पिस्टनला पोलादी टोप्या आल्या. पाचशे अश्वशक्तीसाठी हवेच्या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक भाग हलवावा लागला. काळा धूर कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. साध्या टर्बोचा तो स्वभावच आहे.

गिअरवाल्या टर्बोचं घराणं आपल्याकडे परतलं ते 1999 नंतर, इएमडीच्या 710 इंजिनाच्या, 4,000 अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीजी-4 मधून. गोव्यातल्या कुळेहून कॅसलरॉकपर्यंतचा 37 ला 1 चढ या लोको चढत असताना दूधसागरच्या पुलावर उभं राहून ज्यांनी ऐकलंय, त्यांना फरक सांगावा लागत नाही. आवाज एकसंध, ओढ पहिल्या क्षणापासून.

* * *

विमानांनी हाच प्रश्न वेगळ्या टोकाला नेला. 1918 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसनं लिबर्टी हे विमानाचं इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या 14,109 फूट उंच शिखरावर नेलं. खाली 350 अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर 230 वर आलं. टर्बो जोडल्यावर त्याच शिखरावर 356 झालं. त्यानंतर अमेरिकेनं टर्बोचा हट्ट धरला, तर ब्रिटननं गिअरवर चालणाऱ्या सुपरचार्जरचा. दुसऱ्या महायुद्धात ॲलिसन व्ही-1710 हे अमेरिकन इंजिन टर्बोसह पी-38 या लढाऊ विमानात उंचावर छान चालत होतं, पण टर्बोशिवाय, एकाच टप्प्याच्या सुपरचार्जरवर, पी-40 आणि सुरुवातीच्या मस्टँगमध्ये वर गेलं की त्याला धाप लागायची. मस्टँगच्या अरुंद अंगात टर्बो, त्याच्या नळ्या आणि दाबलेली हवा निववणारा इंटरकूलर मावणं कठीण होतं. शेवटी 1942 मध्ये तिथे रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन बसलं. त्याच कंपनीच्या स्टॅनली हूकरनं ज्यावर काम केलं होतं तो दोन टप्प्यांचा सुपरचार्जर इंजिनाच्या पाठीलाच चिकटलेला होता. सिद्धांतात टर्बो सरस, जागेच्या हिशेबात सुपरचार्जर. जुन्या मोटारीचं बॉनेट उघडून टर्बो कुठे बसवू म्हणून डोकं खाजवणाऱ्याला हे लगेच कळेल.

आता मोटारीकडे येऊ. आपल्या ॲम्बेसिडरच्या बॉनेटखाली कित्येक वर्षं जे 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. त्याच कुळातलं 1798 सीसीचं इंजिन एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि ब्रिटन-अमेरिकेतले हौशी त्यावर कमी दाबाचे सुपरचार्जर बसवतात. त्याचा धाकटा भाऊ ए-सिरीज 1951 चा. 1982 मध्ये, म्हणजे तिशी उलटल्यावर, त्याच्यावर टर्बो चढवून एमजी मेट्रो टर्बो ही गाडी आली. 1275 सीसीच्या साध्या एमजी मेट्रोची ताकद 72 अश्वशक्ती, टर्बोची 93. पण तो टर्बो मुद्दाम आवरून धरलेला होता. खालच्या वेगावर त्याला पूर्ण दाब द्यायला मनाई होती, फेऱ्या वाढल्या की मगच दाब वाढे. कारण त्या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या तेलाच्या टाकीतच बसवलेला होता आणि अचानक आलेला टॉर्क त्याला झेपला नसता. इंजिनाच्या कमाल ताकदीची मर्यादा गिअरच्या दात्यांनी ठरवली.

जुन्या इंजिनाच्या बाबतीत हे सतत घडतं. हेडखालचं गॅस्केट, तीनच बेअरिंगवर फिरणारा क्रँक, झिजलेल्या रिंग, गंजानं अर्धा बुजलेला रेडिएटर, यांतला जो सगळ्यात आधी हार मानणार तोच तुमचा खरा आकडा. दाब वाढला की उष्णताही वाढते. आपल्या उन्हाळ्यात 40 अंशांची हवा अर्धा बार दाबली, तर कार्यक्षमतेच्या नेहमीच्या हिशेबानं चांगल्या टर्बोतून किंवा सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरमधून ती सुमारे 90 अंशांवर बाहेर येते, जुन्या घडणीच्या रूट्समधून 110 अंशांवर. एवढी गरम हवा पेट्रोल इंजिनात गेली की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटू पाहतं. नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला एक चढही पुरतो. म्हणून कम्प्रेशन उतरवणं, ठिणगीची वेळ मागे घेणं, इंटरकूलर बसवणं ही कामं आधी, ब्लोअर नंतर.

कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या, शहरात आणि घाटरस्त्यावर सावकाश फिरणाऱ्या जुन्या गाडीसाठी मी छोटा, कमी दाबाचा सुपरचार्जर निवडेन. पॅडल दाबलं की लगेच हवा मिळते. बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला हात लावावा लागत नाही. इंजिनाचं तेल शेकडो अंश तापलेल्या बेअरिंगमधून फिरवावं लागत नाही, आणि वीस वर्षांनी पट्टा काढून गाडी मूळ रूपात परत आणता येते. किंमत म्हणून पेट्रोल जास्त जाईल आणि वर सांगितलेल्या उष्णतेवर डोळा ठेवावा लागेल. रोज शेकडो किलोमीटर हायवेवर माल वाहणाऱ्या जुन्या डिझेलला मात्र टर्बोच. तिथे नॉकिंगची भीती नाही, दाबलेली हवा डिझेलला मानवते, इंजिन तासन् तास ओझ्याखाली असतं आणि वाचलेल्या प्रत्येक लिटरचा हिशेब महिनाअखेरीला दिसतो. त्या इंजिनाला टर्बो लावून चालकाला घाटाच्या माथ्यावर गाडी लगेच बंद न करण्याची सवय लावली नाही, तर मात्र पैसे पाण्यात.

कायद्याची बाजूही स्वच्छ सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणी झालेल्या वाहनात बदल करण्यावर बंधन घालतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बनवणाऱ्यानं ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांहून वेगळे फेरफार करता येणार नाहीत. तेव्हा रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत हे काम परिवहन कार्यालयाला अंधारात ठेवून करायचं नाही. विमा कंपनी अपघातानंतर पहिलं बॉनेटच उघडते.

आणि आता एक नवी गोष्ट या निवडीत शिरली आहे. पंपावर मिळणारं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं झालं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, शिवाय ते बाष्प होताना हवेतली उष्णता शोषून घेतं. दाब देणाऱ्या इंजिनाला दोन्ही गोष्टी हव्याहव्याशा. पण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. जुन्या कार्ब्युरेटरचा जेट मूळ पेट्रोलच्या मापाचा असतो. तो तसाच ठेवून ब्लोअर चढवला तर मिश्रण पातळ पडतं, तेही नेमकं सिलिंडर सगळ्यात जास्त दाबाखाली असताना, आणि ऑक्टेनची सगळी कमाई तिथे जळून जाते. जुने रबरी पाइप आणि पंपाचे पडदे इथेनॉलमध्ये फुगतात ते वेगळंच. म्हणून बी-सिरीजसारख्या इंजिनावर काम काढायचं असेल तर पहिला खर्च ब्लोअरचा नसावा. आधी चारही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजून घ्यावं, गरम इंजिनावर तेलाचा दाब बघावा, रेडिएटर उकलून साफ करावा, इंधनाचे पाइप बदलावेत, जेट मोठा करावा आणि एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजनचा सेन्सर लावून मिश्रण प्रत्यक्ष चढावर तपासावं. हे सगळं झाल्यावर गाडी पुन्हा चालवून बघावी. पुष्कळदा तेवढ्यानंच हरवलेली ताकद इतकी परत येते, की ब्लोअरची ऑर्डर पुढच्या दिवाळीवर ढकलता येते.